दुष्काळाची उतरंड: सामाजिक परिस्थितिकी गावात कशी वापरायची

प्रश्न असा आला आहे: ‘मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. हवामान बदल, पाणीटंचाई, शेतीची दैना, स्थलांतर, बायकांचं आरोग्य हे सगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते समजून घ्यायला सोशल इकॉलॉजी, म्हणजे सामाजिक परिस्थितिकी, उपयोगी पडते असं आम्हाला शिकवतात. प्रत्यक्ष कामात तिचा खरंच उपयोग होतो का? की ती फक्त परीक्षेत लिहायची?’

मी पंचवीसेक वर्षं भूजल आणि पाणलोटाच्या कामात आहे. मी भूशास्त्र शिकलो, समाजशास्त्र नाही. त्यामुळे उत्तर खडकाकडून माणसांकडे येईल. आधी एक हिशोब करू, थिअरी नंतर.

एक गाव धरा. शिवार 1,000 हेक्टर, लोकसंख्या 1,500, पाऊस वर्षाला 500 मिलिमीटर, म्हणजे बेताचाच. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. या हिशोबाने त्या शिवारात वर्षाला 500 कोटी लिटर पाणी आभाळातून पडतं. बरंचसं उडून जातं, वाहून जातं, पिकं-झाडं पितात. मुरतं ते थोडं. पण 1,500 माणसांना, माणशी रोज 55 लिटर या जलजीवन मिशनच्या मापाने, वर्षाला लागतं किती? तीन कोटी लिटर. पडलेल्या पावसाचा शंभरावा भागसुद्धा नाही. आता ऊस घ्या. त्याला वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचं वजा केलं तरी साधारण 1,500 मिलिमीटर विहिरीतून, बोअरमधून उपसावं लागतं. दोन हेक्टर उसाला तीन कोटी लिटर. म्हणजे सगळ्या गावाचं वर्षभराचं पिण्या-वापरण्याचं पाणी पाच एकर उसात जिरतं.

म्हणून मे महिन्यात त्या गावात टँकर आला की ‘पाऊस कमी पडला’ आणि ‘माणसं फार वाढली’ ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. पाऊस कमी पडला हे खरं असतंच. पण तीन कोटी लिटरही गावाच्या वाट्याला उरू नयेत, हे काही ढगांनी ठरवलेलं नसतं. कुणी ठरवलं, कधी, कोणत्या अधिकाराने आणि त्या वेळी कुणाला विचारलं नाही, एवढे चार प्रश्न जी दृष्टी आपल्याला विचारायला लावते तिला सामाजिक परिस्थितिकी म्हणायचं. माझ्यापुरती व्याख्या इतकीच.

पुस्तकातली व्याख्या मरे बुकचिन यांच्या नावावर आहे. न्यूयॉर्कमध्ये 1921 साली जन्मलेला, ओतकामाच्या कारखान्यात आणि मोटारींच्या कारखान्यात राबलेला, कामगार चळवळीतून घडलेला हा माणूस. माणूस निसर्गावर वर्चस्व गाजवायला बघतो त्याचं मूळ माणसाने माणसावर गाजवलेल्या वर्चस्वात आहे, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. 1982 च्या ‘द इकॉलॉजी ऑफ फ्रीडम’मध्ये तो सविस्तर आला आहे. पर्यावरणाच्या नाशाचं खापर ‘मानवजात’ नावाच्या एकसंध गोळ्यावर फोडायला त्यांनी कायम विरोध केला. साखर कारखान्याचा संचालक आणि त्याच कारखान्याला ऊस तोडून देणारी बाई, दोघंही मानवजातच. पण दोघांनी मिळून भूजल संपवलं असं म्हणणं म्हणजे थट्टा झाली.

आपल्याकडे हा शब्द बुकचिन यांच्यामुळे आला असा अनेकांचा समज असतो. लखनौ विद्यापीठातले राधाकमल मुखर्जी यांनी ‘सोशल इकॉलॉजी’ याच नावाचं पुस्तक 1942 मध्ये लिहिलं होतं. माणूस, जमीन, पाणी आणि संस्था यांचा एकत्र विचार ते त्याच्याही आधीपासून करत होते. आणि मला विचाराल तर त्याच्याही मागे जावं लागेल, 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’पर्यंत. डोंगर आणि गायरानं जंगल खात्याने बळकावल्यामुळे शेतकऱ्यांची गुरं कशी मेली, हे जोतीराव त्यात सांगतात. पालापाचोळ्याचं सत्त्व घेऊन येणारं पाणी शेतात मुरावं म्हणून ताली-बंधारे घाला, असं सरकारला सुचवतात. आणि हे सगळं नोकरशाही, भटशाही आणि कर्ज यांच्या विवेचनाच्या पोटात येतं. माती, पाणी, गुरं, सावकार आणि जात यांचे वेगळे पाच विभाग त्यांनी केले नाहीत. ते विभाग नंतर आपण केले, कारण तसे विभाग असले की निधी मागायला सोपं जातं.

उतरंड हा शब्द मला इथे फार कामाचा वाटतो. पुस्तकी मराठीत आपण तो सत्तेच्या थरांसाठी वापरतो, पण घरात उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. वरच्या मडक्याचा भार खालच्यावर. सगळ्यात तळाचं मडकं काढून घ्यायचं तर आधी वरची सगळी उतरवावी लागतात. आणि या राज्यात उतरंड आणि पाणी यांचं नातं काही अलंकाराचं नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक गेले तेव्हा तळ्यात पाणी होतं. 1924 मध्ये नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही झालेला होता. टंचाई नव्हतीच, आणि तरीही माणसं तहानेली होती. पाण्याचा प्रश्न हा लिटरचा प्रश्न आहे असं ज्याला वाटतं त्याने आधी महाड समजून घ्यावं.

आता खडकाकडे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे. हा खडक वाळूसारखा पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगा-सांध्यांत. त्याच्या आकारमानाच्या शेकडा एक ते तीन भाग पाणी मिळालं तरी बरं म्हणायचं. पूर्वीची चाळीस-पन्नास फुटी विहीर या वरच्या थरावर चालायची. तिची एक मेख होती: पाणी आटलं की ते सगळ्यांना दिसायचं. विहिरीत डोकावलं की कळायचं. बोअरमध्ये डोकावता येत नाही.

जुनी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात: ‘बहात्तरला खायला नव्हतं, पण प्यायला होतं. आता खायला आहे, प्यायला नाही.’ 1972 चा दुष्काळ अन्नाचा आणि मजुरीचा होता. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खात होती. पण विहिरींना तळाला का होईना, पाणी होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावली होती. आणि त्याच 2015-16 च्या हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांची गाळपं चालू होती. या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत खडक बदलला नाही. पावसाचं वागणं बिघडलं आहे, ते मी नाकारत नाही; पण तेवढ्याने हा फरक पडत नाही. बदललं ते हे: बोअरची यंत्रं आली, विजेच्या मोटारी आल्या, ऊस आला, आणि पाण्याचा कायदा जिथे होता तिथेच राहिला.

हा कायदा नीट समजून घ्या, कारण विद्यार्थी इथे हटकून अडखळतात. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपण असं धरून चाललो आहोत की माझ्या जमिनीखालचं पाणी मी हवं तेवढं उपसावं. पाणी जमिनीला चिकटलेलं. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, आणि ज्याची जमीन नाल्याकाठी त्याला सगळ्यांच्या वाटचं. खडकाला मात्र गट नंबर माहीत नसतो. माझ्या बोअरची भेग शेजाऱ्याच्या विहिरीखालून गेली असेल तर मी उपसतो ते त्याचंच. राज्याने 2009 मध्ये भूजलाचा नवा कायदा केला, तो 2014 मध्ये लागू झाला. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे जवळपास 200 फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. कुठल्याही दुष्काळी तालुक्याच्या बाजारपेठेत उभं राहून ‘बोअर किती फुटांवर पाडता?’ असं एखाद्या गाडीवाल्याला विचारा. तो सहाशे म्हणेल, आठशे म्हणेल, आणि तुम्ही कायद्याचं नाव काढलंत तर तुम्हाला चहा पाजेल.

आता आमची चूक सांगतो.

जालना जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही पाणलोटाचं काम केलं. माथा ते पायथा, अगदी नियमाप्रमाणे: वर सलग समतल चर, मधे बांधबंदिस्ती, खाली नालाबांध. वरच्या गायरानात झाडं लावली, चराईबंदी केली, श्रमदान झालं, वर्तमानपत्रात फोटो आले. दुसऱ्या वर्षी विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकलं. मी अहवालात पाण्याची पातळी इतके मीटर वाढली असं लिहिलं आणि ते खरं होतं. पाचव्या वर्षी त्याच गावात पुन्हा टँकर. कारण पाणी दिसलं तसे खालच्या अंगाचे शेतकरी मोसंबी आणि उसाकडे वळले. बावीस नवे बोअर पडले. पाणी वाढवायचं काम सगळ्यांनी केलं होतं, वाढलेलं पाणी बाविसांनी नेलं.

याहून वाईट गोष्ट मला फार उशिरा कळली. वरच्या गायरानात पाच-सहा धनगर कुटुंबांची मेंढरं चरत असत आणि दलित वस्तीतल्या काही घरांनी तिथे वर्षानुवर्षं ज्वारी-तूर काढली होती. मराठवाड्यात गायरानाच्या अशा तुकड्यांमागे मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासूनचा. आमच्या नकाशावर मात्र ती ‘पडीक जमीन’ होती. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत एकमताने झाला होता. एकमताने म्हणजे, ज्यांचं चराऊ रान जाणार होतं त्यांच्यापैकी सभेला कुणी नव्हतं. दोन घरांनी मेंढरं विकली. पाण्याची पातळी वाढली तेव्हा तिची किंमत त्यांनी मोजली होती, आणि आमच्या अहवालात ती रक्कम कुठेच नव्हती.

सामाजिक परिस्थितिकी मला तेव्हा ठाऊक असती तर ही चूक टळली असती असं म्हणणार नाही. पण ‘पाणी किती वाढलं?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कुणाकडून निघालं आणि कुणाकडे गेलं?’ हा दुसरा रकाना मी काढला असता.

सरकारी योजनांचंही हेच होतं, फक्त मोठ्या आकड्यांत. जलयुक्त शिवारवर 9,600 कोटींहून जास्त रुपये खर्च झाले आणि भूजलाची पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष महालेखापरीक्षकांनी 2020 च्या अहवालात काढला. शेततळ्याचं घ्या. कल्पना पावसाचं पाणी साठवायची. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी खाली प्लास्टिक अंथरून, विहिरीतून उपसलेलं पाणी त्यात भरून ठेवतात. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर काढून उन्हात माझ्या नावाचं केलं. उन्हाने त्यातलं उडवलं ते वेगळंच. मी त्या शेतकऱ्याला दोष देत नाही; त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. शेजारी उपसणारच असेल तर मी का थांबावं? बी-बियाणं, कर्ज आणि बाजारभाव यांनी घेरलेला माणूस दुसरं काय करणार?

पण तुमचा प्रश्न जागतिक संकटांचा आहे आणि मी एका शिवारात घुटमळतोय, असं तुम्हाला वाटेल. तर शिवारातून बाहेर जाणारा एक धागा धरू. तो उसाचाच आहे.

महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि तो सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पितो, असं केंद्राच्या कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोगाने आपल्या ऊसविषयक अहवालात म्हटलं होतं. शेतकरी ऊस का लावतो? कारण खात्रीचा भाव आणि खात्रीचा गिऱ्हाईक असलेलं ते जवळपास एकमेव पीक आहे. त्यात आता इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट 2030 चं होतं, ते 2025 वर आणलं. कारण चांगलं आहे: तेलाची आयात कमी करायची, कर्बवायू कमी सोडायचा. हवामान बदलावरचा उपायच म्हणा. पण उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं, हे नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. 2023 मध्ये पाऊस हुकला तेव्हा डिसेंबरात सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. एका संकटावरचं औषध दुसऱ्या संकटाचं पथ्य मोडतं, ते असं.

आणि हा ऊस तोडतं कोण? बीड, जालना, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतली माणसं. पाणी उसाकडे गेलं आणि पाण्यामागून माणसं गेली. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. तिथे मजूर माणूस म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात; नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणून कमी उचल, म्हणून मुलांची लग्नं लवकर उरकायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. पाळी, अंगावर जाणं, पोटदुखी यांनाही खाडाच. फडात संडास नाही, राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाणी नाही. त्यातून गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यात जी पाहणी केली तिच्यात 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

आता हे कोणत्या खात्याचं संकट म्हणायचं? ऊर्जेचं, शेतीचं, पाण्याचं, कामगारांचं की आरोग्याचं? मंत्रालयात त्यासाठी पाच मजले चढावे लागतील आणि प्रत्येक मजल्यावर आपापल्या परीने काम चालू असेल. तळाच्या मडक्यावर मात्र सगळ्या मजल्यांचा भार एकदम येतो. गुंतागुंतीची जागतिक संकटं समजून घ्यायची तर वरून नकाशे काढत बसू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. तळाशी जा. तिथे सगळे धागे एका देहात आलेले असतात.

हे झालं समजून घेण्याचं. उपायांचं काय?

बुकचिन यांचं उत्तर लोकांच्या सभांचं होतं. समोरासमोर बसून निर्णय घेणाऱ्या स्थानिक सभा, आणि त्या सभांचे संघ. सीरियाच्या उत्तर-पूर्व भागात कुर्दांनी 2012 नंतर जी कम्यून आणि सहकारी संस्थांची घडी बसवली तिच्यामागे तुरुंगात बुकचिन वाचलेले कुर्द नेते अब्दुल्ला ओजालान यांचे विचार होते. ऐकायला छान आहे. पण मराठी माणसाने इथे जरा थांबायला हवं. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत आंबेडकरांनी खेड्यांच्या प्रजासत्ताकांचं कौतुक करणाऱ्यांना खडसावलं होतं. खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, या अर्थाचं ते बोलले. माझ्या त्या ‘एकमताच्या’ ठरावाने मला दोघांपैकी कोण जास्त खरं होतं ते दाखवलं. वर्गावर, नोकरशाहीवर, पुरुषसत्तेवर बुकचिन यांनी पुष्कळ लिहिलं, पण जात काय करते याचा त्यांना अनुभव नव्हता. सभेच्या जागेवरच कुणी बसायचं आणि कुणी पायरीखाली उभं राहायचं हे ठरलेलं असेल तर सभेची थोरवी गाऊन काय होणार?

म्हणून माझा अनुभव असा की नुसती सभा पुरत नाही आणि नुसता कायदाही पुरत नाही. तळाच्या माणसाच्या हातात बाहेरच्या कायद्याने दिलेला हक्क असेल तरच सभेत त्याचा आवाज निघतो. याची दोन उदाहरणं देतो, एक मोडत गेलेलं आणि एक टिकलेलं.

मोडत गेलेलं म्हणजे पाणी पंचायत. 1972 च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला काम सुरू केलं. त्यांच्या नियमांत सामाजिक परिस्थितिकीची अख्खी शाळा आहे. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरेल: घरटी माणशी अर्धा एकर, जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी भरायचा. आणि पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं, मालकाचं नाही. 1882 च्या कायद्याने पाणी जमिनीला जखडलं होतं, ते या माणसाने पुरंदरात सोडवून माणसाला बांधलं. मी तिथे शिकायला गेलो होतो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने मला आपला वाटा बोटांवर मोजून दाखवला होता, ‘आम्ही पाच, म्हणून अडीच’. तिला व्याख्येची गरज नव्हती.

पण राज्याने हा नियम कधी कायदा म्हणून स्वीकारला नाही. विजेची बिलं चढली, बाहेर उसाचे पैसे दिसू लागले, शेजारी खासगी उपसा वाढला, आणि ज्याला नियम मोडायचा होता त्याला अडवणारं गावाबाहेर कुणी नव्हतं. बऱ्याच योजना हळूहळू बंद पडल्या. साळुंखे 2002 मध्ये गेले. त्याच वर्षी ओडिशाने ‘पाणी पंचायत’ याच नावाचा कायदा केला, पण त्यात माणशी वाट्याचं तत्त्व नव्हतं. नाव उचललं, गाभा राहिला.

टिकलेलं उदाहरण गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असते. घोषणेपेक्षा मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आणि सभेआधी अभ्यास गटात वाद घालून प्रश्न उलगडलेला असतो. गोंड गावात जातीची उतरंड आमच्या जालन्यासारखी नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे, नाहीतर नक्कल करायला जाऊन फसाल. दुसरी गोष्ट, 2006 चा वनहक्क कायदा. 2009 मध्ये गावाला 1,800 हेक्टरहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू अडला. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, पण 1927 च्या वन कायद्यात तो झाड होता, आणि झाड म्हटलं की वनखात्याचं. 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला तेव्हा कुठे हक्काचे पैसे झाले. गवताला झाड म्हणण्यात एवढी सत्ता असते! शब्द कुणी ठरवले ते बघा, असं मी सांगतो ते याचसाठी. ‘पडीक’, ‘अतिक्रमण’, ‘लाभार्थी’ या शब्दांकडेही एकदा अशाच संशयाने बघा.

हिवरे बाजारबद्दल मला नेहमी विचारतात. पोपटराव पवारांचं काम मोठं आहे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पावसाचा हिशोब मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ठरवायचं. पाण्याचा ताळेबंद हा प्रकार महाराष्ट्राला तिथे दिसला. पण असं गाव उभं राहायला एक असामान्य सरपंच लागतो, आणि असामान्य सरपंच योजनेत बसवता येत नाही. हिवरे बाजार होऊन तीस वर्षं उलटली. त्याच्या भोवतालची किती गावं तशी झाली?

तर मग एखाद्या कार्यकर्तीने गावात काय करायचं? मी आता काय करतो ते सांगतो. पहिले दोन महिने बंधाऱ्याचं नावही काढत नाही. विहिरी आणि बोअर मोजतो. प्रत्येकाचा मालक, खोली, साल, मोटार. कोणत्या साली किती बोअर पडले याची यादी केली की गावाचा खरा इतिहास समोर येतो. कधी कर्जमाफी झाली, कधी कारखाना निघाला, कधी भावकीत वाटण्या झाल्या, सगळं त्या सालांत दिसतं. शिवारफेरी एकदा करत नाही, चारदा करतो: शेतकऱ्यांबरोबर, बायकांबरोबर, मेंढपाळांबरोबर, दलित वस्तीबरोबर. तेच शिवार चार वेगळी शिवारं निघतात. बायका पाणी किती आहे हे सांगत नाहीत, किती खेपा होतात ते सांगतात. मेंढपाळांना कोणत्या ओहोळात डोह कुठवर टिकतो ते माहीत असतं आणि त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं. मग वर केलेला तीन कोटी लिटरचा हिशोब गावाच्या आकड्यांनी ग्रामसभेत मांडतो. पिण्याचं पाणी पहिल्या ओळीत, गुरांचं दुसऱ्या, भूमिहीनांच्या घरटी वाट्याचं तिसऱ्या. पिकांची पाळी त्यानंतर. या क्रमावरूनच भांडण होतं आणि ते व्हायलाच हवं. भांडण झालं नाही तर समजावं की ज्यांचं नुकसान होणार ते सभेला आलेले नाहीत.

आणि सभा कुठे घ्यायची तेही बघतो. देवळाच्या ओट्यावर घेत नाही. शाळेच्या पटांगणात घेतो, सगळे एकाच सतरंजीवर.

याने किती होतं? माझ्या हिशोबाने तीन गावांपैकी एकात काहीतरी टिकतं. उसाचा भाव, इथेनॉलचं धोरण, विजेचा दर ग्रामसभेच्या हातात नाहीत. त्यासाठी तालुक्यांच्या पातळीवर संघटना लागते, मोर्चे लागतात, निवडणुकाही लागतात. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपासाठी ज्यांनी दशकानुदशकं आंदोलनं केली त्यांच्याकडे बघा. तिथे धरणाच्या पाण्याची मागणी करताना ‘प्रत्येक कुटुंबाला वाटा’ ही अट सुटू दिली नाही. एका गावाने ऊस सोडला आणि खालच्या गावाने लावला तर भूजलाला काही फरक पडत नाही. आपलं गाव सुधारलं की झालं, हे समाधान सामाजिक परिस्थितिकीत बसत नाही. झरे गावाच्या शिवेवर थांबत नाहीत.

तुम्ही परीक्षेत लिहायला विचारलं होतंत. परीक्षेत व्याख्या लिहा, गुण मिळतील. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या दुष्काळी गावात जायचं असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात जा, जूनमध्ये नको. पाऊस पडला की विहिरी खोटं बोलायला लागतात. बरोबर तीस मीटरची टेप घ्या, टोकाला वजन बांधा. आणि टँकर आला की गाडीचा नंबर लिहून घेण्याआधी तो भरला कुठे ते विचारा. बहुतेक वेळा तो त्याच शिवारातल्या कुणाच्या तरी बोअरवर भरलेला असतो.